त्याला काय कळतंय? सगळं कळतंय!

मॅटर्निटी लीव्ह संपत आली, की घरोघरी एकच प्रश्न फेर धरतो. बाळाला सोडून ऑफिसला जायचं कसं? त्याच्या कोवळ्या मनावर काही परिणाम तर होणार नाही ना? बाळाचं मन पहिल्या दोन-तीन वर्षांत कसं घडतं, याचा शोध जगभरचे मानसशास्त्रज्ञ गेली सत्तरहून अधिक वर्षं घेतायत. त्यांच्या हाती काय लागलं ते समजून घेतलं, तर तुमची सोमवारची सकाळ थोडी सोपी होईल!

आधी जरा तारखांचा हिशेब करू. २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. त्यातले आठ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. पण बऱ्याच जणी अगदी नवव्या महिन्यापर्यंत ऑफिस गाठतात आणि सगळी रजा नंतरसाठी राखून ठेवतात. बाळासोबत जास्त दिवस मिळावेत म्हणून. म्हणजे रजा संपते तेव्हा बाळ असतं साधारण सहा महिन्यांचं. उष्टावण झालेलं, पालथं पडायला लागलेलं, येईल त्याच्याकडे झेपावणारं. आजी म्हणते, ‘जा गं तू बिनधास्त. कुणाकडेही राहतं, गुणाचं आहे.’

तुम्ही जॉइन होता. महिना-दीड महिना छान जातो. आणि मग एके दिवशी हेच गुणाचं बाळ शेजारच्या काकांना बघून भोकाड पसरतं. तुम्ही पर्स उचललीत की ओठ काढतं. दाराशी पोचलात की किंचाळतं. लिफ्टमध्येही तो आवाज पाठ सोडत नाही. पहिल्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर स्लाइड्स सरकत असतात आणि तुमच्या डोक्यात एकच रेकॉर्ड वाजत असते... आपण त्याच्यावर अन्याय करतोय का?

घरात मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘आई जवळ नाही ना, म्हणून चिडचिडं झालंय.’ दुसरा म्हणतो, ‘एवढंसं पोर ते, त्याला काय कळतंय?’

गंमत म्हणजे दोन्ही पक्ष चुकतायत!

रडतंय, कारण शहाणं झालंय

साठच्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात रुडॉल्फ शॅफर आणि पेगी एमर्सन या दोघांनी ६० बाळांचा पाठपुरावा केला. दर महिन्याला घरी जायचं, बाळ कुणाला चिकटतं, कोण गेलं की रडतं, नवखा माणूस दिसला की काय करतं, हे सगळं टिपायचं. १९६४मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. ठरावीक माणूस दूर गेला की रडायला बाळं साधारण सातव्या महिन्याच्या आसपास सुरुवात करतात आणि अनोळखी माणसाची भीती त्यानंतर लवकरच दिसू लागते.

म्हणजे बघा, आई ऑफिसला जाऊ लागो अथवा घरी असो, हे वेळापत्रक ठरलेलंच आहे. आपल्या रजेचं कॅलेंडर आणि बाळाच्या मनाचं कॅलेंडर यांची नेमकी इथेच टक्कर होते. त्यात तुमचा गुन्हा काही नाही.

या वयात असं होतं तरी काय? चार महिन्यांच्या बाळाच्या हातातला खुळखुळा दुपट्याखाली लपवा. बऱ्याचदा ते त्याचा विचारच सोडून देतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ मात्र दुपटं ओढून खुळखुळा शोधून काढतं. डोळ्यांआड गेलेली वस्तू संपत नाही, ती कुठेतरी असतेच, हे त्याला उमगलेलं असतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचं तासन्‌तास निरीक्षण करून ही गोष्ट मांडली. पुढच्या संशोधकांनी ‘ही समज पियाजेंना वाटली त्याहून लवकर येते’ असंही दाखवलं. पण शोधायला हात घालणं मात्र याच सुमाराला सुरू होतं.

आता हेच आईला लावून पाहा. आई दाराआड गेली. ती संपलेली नाही, ती कुठेतरी आहे, पण इथे नाही! आणि ती संध्याकाळी साडेसातला येणार आहे, हे कळण्याइतकं घड्याळ अजून डोक्यात बसलेलं नाही. रडू येणार नाही तर काय होईल? म्हणजे बाळ बिघडलेलं नाही. त्याला माणसं ओळखता येऊ लागली, त्यातलं आपलं कोण ते ठरलं आणि ते नाहीसं झालेलं लक्षात राहू लागलं. हे रडणं साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत टिपेला पोचतं आणि मग ओसरत जातं.

आणि आपल्या आज्या-पणज्यांनी या दुखण्यावर बिनपैशाचं औषध कधीच शोधून ठेवलंय. बुवाकुक! पदर तोंडावर घ्यायचा, बाजूला करायचा, ‘कुक!’ बाळ खदखदून हसतं. माणूस जातो आणि परत येतो, याची ती रंगीत तालीमच असते. दिवसातून वीस वेळा.

‘त’ आणि ‘ट’ची गोष्ट

‘त्याला काय कळतंय’वाल्या पक्षासाठी आता थोडी माहिती.

पोटात असल्यापासून बाळाचे कान उघडे असतात. १९८०मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकन संशोधकांनी अवघ्या काही तासांच्या, फार तर तीन दिवसांच्या बाळांना एक खास बूच चोखायला दिलं. एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखलं की दुसऱ्याच बाईचा. या चिमुकल्यांनी आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलली!

याहून भारी किस्सा आपल्या भाषांशी संबंधित आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले दोन आवाज ऐकवले, ‘त’ आणि ‘ट’. मोठ्या इंग्रजी भाषकांना यातला फरक पकडणं जड जातं. (परदेशी क्लायंट कॉलवर तुमच्या नावातल्या ‘त’चा ‘ट’ का करतो, ते आता कळलं?) पण सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो बिनचूक कळला. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र ही कला जवळपास गायब झालेली होती. १९८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवून दिलं, की बाळ जगातले आवाज ऐकण्याची तयारी घेऊन येतं आणि वर्षाच्या आत घरात जे कानावर पडतं त्यात मुरून जातं.

मग काय, लावा टीव्ही, ऐकू दे चार भाषा! थांबा. २००३मध्ये सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने हेच करून पाहिलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन भाषेची बारा सत्रं दिली. काही बाळांसमोर जिवंत माणूस बसून गोष्टी वाचत होता, खेळत होता. काहींना तीच माणसं, तेच शब्द डीव्हीडीवर दाखवले. जिवंत माणसाकडून ऐकणारी बाळं मँडरिनचे आवाज ओळखायला शिकली. डीव्हीडीवाली? काहीच नाही. शून्य.

कारण पडद्यावरचा माणूस बोलतो, पण बाळाकडे बघत नाही. बाळाने ‘ऊं’ केलं तर तो थांबत नाही. त्याच्या हाकेला ओ देत नाही.

आणि बाळाच्या मनाच्या वाढीचं अख्खं गुपित या दोन शब्दांत आहे. हाक आणि ओ. बाळ हुंकार देतं, तुम्ही ‘हो का गं बाई?’ म्हणता. ते पाय झाडतं, तुम्ही हसता. ते रडतं, तुम्ही उचलता. दिवसभरात अशा शेकडो छोट्या देवाणघेवाणी होतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राच्या अंदाजानुसार पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या तयार होतात. यातल्या कोणत्या जोडण्या पक्क्या व्हायच्या, हे ठरवण्यात या देवाणघेवाणीचा मोठा वाटा असतो.

दोन मिनिटांचा दगडी चेहरा

हाकेला ओ मिळालीच नाही तर? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. काही महिन्यांचं बाळ आणि आई समोरासमोर. आधी आई नेहमीसारखी खेळते. मग तिला सांगितलं जातं, आता चेहरा दगडासारखा कर. बघ, पण काही प्रतिसाद देऊ नकोस. फक्त दोन-तीन मिनिटं.

बाळाच्या हे क्षणार्धात लक्षात येतं. ते आधी हसून बघतं. हात पुढे करतं. आवाज काढतं. आपल्याकडचे सगळे हुकमी एक्के वापरून होतात. तरी आई ढिम्म. मग ते नजर फिरवतं, अंग आकसून घेतं, काही बाळं रडू लागतात. प्रयोगाचा व्हिडिओ बघताना भल्याभल्यांच्या घशात आवंढा येतो.

हे वाचताना तुमच्या हातात मोबाइल आहे का? कारण आपल्या घरांत दगडी चेहऱ्याचा प्रयोग रोज चालतो. बाळ मांडीवर, आपण बॉसच्या मेलमध्ये. बाळ ‘आ... ऊ...’ करून आपल्या चेहऱ्याकडे बघतं आणि आपला चेहरा निळ्या उजेडात, थिजलेला. आठ तास ऑफिसला जाणारी आई निदान गेलेली तरी असते. समोर असून नसलेल्या माणसाचं करायचं काय, हे बाळाला कळत नाही.

पण घाबरून जाऊ नका. प्रयोगाचा तिसरा भागही आहे आणि तोच खरा महत्त्वाचा. आई पुन्हा हसते, बोलते, जवळ घेते. बाळ थोडं रुसतं, कुरकुरतं आणि मग परत खेळू लागतं. ट्रॉनिक यांच्या पुढच्या निरीक्षणांतून तर मोठाच दिलासा मिळाला. अगदी छान जमणाऱ्या आई-बाळाच्या जोड्याही एकमेकांच्या सुरात असतात जेमतेम ३० टक्के वेळ! बाकी वेळ सूर चुकत असतो. बाळाला भूक लागलेली, आपण खुळखुळा वाजवतोय. त्याला झोप आलेली, आपण गुदगुल्या करतोय. पण चुकलेला सूर पुन्हा जुळतो आणि हे पुन्हा जुळणंच बाळाला शिकवतं, की बिनसलेलं दुरुस्त होऊ शकतं.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी पन्नासच्या दशकात याचसाठी ‘पुरेशी चांगली आई’ असा शब्दप्रयोग केला होता. परफेक्ट नव्हे, पुरेशी चांगली. अप्रेजलच्या भाषेत सांगायचं तर बाळ तुम्हाला दहापैकी दहाची अपेक्षा धरून तपासत नाही!

मात्र ओ देणारं कुणीच नसेल, तर काय होतं याचं उत्तर फार कठोर आहे. १९८९मध्ये रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा तिथल्या अनाथालयांत एक लाखाहून जास्त मुलं असल्याचं उघड झालं. त्यांना खायला मिळत होतं, पण बोलायला, उचलून घ्यायला ठरलेलं माणूस नव्हतं. तिथे रडून उपयोग नाही हे कळलेली बाळं पाळण्यात गप्प पडून असत. २०००च्या सुमारास बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्यांना सांभाळणारी कुटुंबं मिळवून दिली. बुद्धी, भाषा, नाती जोडण्याची क्षमता, सगळ्यांत ही मुलं मागे राहिलेल्यांच्या पुढे गेली. आणि जी साधारण दोन वर्षांच्या आत घरात पोचली, त्यांना अनेक बाबतींत सर्वात जास्त फायदा झाला. तुमचं पाळणाघर आणि ते अनाथालय यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण बाळाला दुधाइतकीच गरज कशाची असते, ते यातून लख्ख कळतं.

आईच हवी का?

या प्रश्नावरून भांडणं सुरू झाली ती जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञामुळे. १९५१मध्ये त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, की लहान मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी आईशी, किंवा कायम आईच्या जागी असणाऱ्या व्यक्तीशी, जिव्हाळ्याचं सलग नातं हवं. त्या काळात ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांत मूल दाखल केलं की आईवडिलांना भेटायची वेळ अगदी मोजकी असे. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२मध्ये आठ दिवस हॉस्पिटलात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. तिचं मुकं दुःख बघून डॉक्टर आधी चिडले, मग विचारात पडले. १९५९मध्ये सरकारी समितीनेच भेटीची वेळ मोकळी करण्याची शिफारस केली. आज मुलाच्या कॉटशेजारी आईला खुर्ची मिळते, त्यामागे हा लढा आहे.

पण बोल्बींच्या म्हणण्याचा लोकांनी सोयीस्कर अर्थ काढला, ‘बायकांनो, घरी बसा!’ ग्लासगोच्या त्या ६० बाळांनी मात्र वेगळंच सांगितलं. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागलेला होता. बाबा, आजी, आजोबा, शेजारीण. आणि सगळ्यात जास्त लळा भरवणाऱ्या-आंघोळ घालणाऱ्या माणसाचाच असेल असंही नव्हतं. जो माणूस लगेच प्रतिसाद देतो, खेळतो, त्याच्याकडे बाळाचा कल. वाड्यात, चाळीत वाढलेल्यांना हे सांगायला नकोच. चार जणांच्या कडेवर वाढूनही आई कोण, हे कुठलं पोर विसरलंय?

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या खेड्यांत आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये बाळांचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यातून आला त्यांचा गाजलेला वीस मिनिटांचा प्रयोग. वर्षभराचं बाळ, नवी खोली, खेळणी. आई बाहेर जाते, अनोळखी बाई थांबते, आई परत येते. एन्सवर्थ यांना सापडलं असं, की आई गेल्यावर बाळ किती रडलं याला फारसं महत्त्व नाही. आई परत आल्यावर ते काय करतं, ते बघायचं. तिच्याकडे झेपावतं का, कुशीत शिरून शांत होतं का, आणि पुन्हा खेळायला वळतं का? बाल्टिमोरच्या साधारण दोनतृतीयांश बाळांनी असंच केलं. ही नात्यातली सुरक्षितता. (घरोघरच्या पद्धती वेगळ्या, हेही खरं. जपानमध्ये आईपासून क्वचितच दूर होणारी बाळं या प्रयोगात फारच घाबरून गेली होती.)

म्हणजे सकाळच्या रडण्यावरून स्वतःला गुन्हेगार ठरवू नका. संध्याकाळी दार उघडल्यावर काय होतं ते बघा!

आणि ‘सारखं उचलू नकोस, हाताची सवय लागेल’ हा सल्ला? एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी १९७२मध्ये मांडलं, की पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याकडे लगेच लक्ष दिलं गेलं, ती बाळं वर्षाची होताना कमी रडत होती. त्यावर पुढे वादही झाले. पण तान्ह्या बाळाला उचलल्याने ते बिघडतं, याला काही आधार मिळालेला नाही. तेव्हा खुशाल उचला!

पाळणाघराचा पेपर

अमेरिकेत १९९१मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात १,३००हून जास्त मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. प्रश्न हाच, पाळणाघरामुळे आई-बाळाचं नातं बिघडतं का? १९९७मध्ये आलेलं उत्तर असं, की केवळ पाळणाघरात ठेवल्याने नातं असुरक्षित होत नाही. आई बाळाचे इशारे किती ओळखते, याचा प्रभाव जास्त. मात्र घरीही प्रतिसाद कमी आणि पाळणाघरही सुमार, असं दुहेरी दुखणं असेल तर धोका वाढतो.

म्हणून पाळणाघर बघायला जाल, तेव्हा भिंतीवरचा मिकी माउस आणि सीसीटीव्हीच्या पलीकडेही बघा.

* एका मावशीकडे किती बाळं आहेत? रांगणारी आणि तान्ही मिळून सहा-सात असतील, तर ती ओ तरी कुणाकुणाला देणार?
* मावशी दर दोन महिन्यांनी बदलतात का? बाळाचा जीव भिंतींवर जडत नाही, माणसावर जडतो. पगार वेळेवर होतो का, हेही बिनदिक्कत विचारा.
* अर्धा तास नुसते बसून बघा. बाळ रडलं की कोणी उठतं का? दुपटं बदलताना मावशी बाळाशी बोलतात का?
* टीव्ही सुरू असतो का?
* पहिल्याच दिवशी नऊ तास ठेवू नका. रजेच्या शेवटच्या पंधरवड्यात आधी तासभर तुमच्यासोबत, मग तासभर तुमच्याशिवाय, असं वाढवत न्या.
* गुपचूप सटकू नका. बाळ रडलं तरी ‘आई येते हं संध्याकाळी’ म्हणून, टाटा करून निघा. न सांगता गायब होणाऱ्या आईवर बाळ सतत नजर ठेवून बसतं.

आणि हो, ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं २०१७च्या दुरुस्तीने बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही दिली. एचआरला एक मेल टाकायला काय हरकत आहे?

बाबा कुठे आहेत?

ही तर आपल्याकडची दुखरी नस! केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रात मात्र सगळा कंपनीच्या मर्जीचा मामला. त्यामुळे बाबा म्हणजे रविवारी बाळाला हवेत उडवणारे गृहस्थ, अशी वाटणी होऊन जाते.

इस्रायलच्या रूथ फेल्डमन यांच्या टीमने २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वडिलांच्या मेंदूचं चित्रण केलं. जे बाबा बाळाची मुख्य जबाबदारी स्वतः उचलत होते, त्यांच्या मेंदूतलं भावनांचं जाळं आयांसारखंच पेटून उठत होतं. थोडक्यात, ‘मला नाही बुवा जमत’ ही सबब शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. दुपटी बदलून बदलूनच बाबाचा मेंदू बाबाचा होतो!

आणि बाळ तुम्हा दोघांचेही चेहरे वाचत असतं बरं. १९८५मधला एक प्रयोग आहे. वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. अर्ध्यावर काचेखाली पायरीइतका खोल भाग दिसतो. पुढे जावं की नाही? बाळ समोर उभ्या आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं रांगत पलीकडे गेली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही! आता सांगा, सकाळी बाळाला मावशींकडे देताना तुमचेच डोळे भरलेले असतील, तर त्या नव्या जागेबद्दल बाळाने काय समजायचं?

दुकानातला मेंदू

१९९३मध्ये ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टचं संगीत ऐकवल्यावर एका विशिष्ट चाचणीत त्यांचे गुण जरा वाढले. दहा-पंधरा मिनिटांपुरते. यात बाळ एकही नव्हतं! पण बातमी पसरत गेली आणि १९९८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायचं ठरवलं. पाठोपाठ ‘हुशार बाळ’ बनवणाऱ्या डीव्हीडी आल्या. त्यातल्या बेबी आइन्स्टाइन या गाजलेल्या मालिकेसाठी डिस्ने कंपनीला २००९मध्ये ग्राहकांना पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली.

आज सीडी गेली, ॲप आलं. चकवा तोच. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते, की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, अपवाद फक्त अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलचा. का, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. पुण्याची आजी स्क्रीनवरून का होईना, ओ देते!

चौकट : कुठल्या वयात काय?

(प्रत्येक बाळाचा वेग वेगळा, महिना इकडे-तिकडे चालायचाच.)

* दीड-दोन महिने : तुमच्याकडे बघून खरंखुरं हसू.
* चार महिने : तुमचं लक्ष वेधायला आवाज काढणं, खिदळणं.
* सहा महिने : घरची माणसं ओळखणं, आरशात रमणं.
* नऊ महिने : नवख्यांना बुजणं, नावाने हाक मारली की बघणं, बुवाकुकला हसणं.
* एक वर्ष : टाटा करणं, आई-बाबांना हाक मारू लागणं.
* दीड वर्ष : बोट दाखवून ‘ते बघ’ सांगणं, लांब जाऊन मागे वळून बघणं.
* दोन वर्षं : दुसरं मूल रडलं की थबकणं, नव्या ठिकाणी तुमचा चेहरा बघून अंदाज घेणं.

येत असलेली गोष्ट बाळ करेनासं झालं, किंवा नजर देणं, नावाला वळणं दिसतच नसेल, तर ‘करेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आईच्या हाकेला कोण ओ देणार?

शेवटचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा. दगडी चेहरा नेहमी मोबाइलमुळेच येतो असं नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, मन हळवं होणं सर्रास घडतं. पण उदासी दोन आठवड्यांच्या पुढे गेली, बाळाकडे बघून काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, तर तो आजार असू शकतो. बरा होणारा आजार. ‘एवढं गोंडस बाळ असून रडतेस काय?’ हे त्यावरचं औषध नव्हे. डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आई सावरली की बाळ सावरतंच. आणि आईला सावरणं हे नवऱ्याचं, सासरचं, माहेरचं, झालंच तर टीमलीडरचंही काम आहे.

तर मंडळी, हिशेब असा आहे. ऑफिसला जाणं हा गुन्हा नाही. चोवीस तास जवळ असणं ही गॅरंटी नाही. महागडी खेळणी हा शॉर्टकट नाही. बाळाला हवीत दोन-चार ठरलेली माणसं, जी बहुतेक वेळा ओ देतात, चुकली तर परत येऊन जवळ घेतात.

आज घरी पोचलात की एक करा. फोन चपलांच्या कपाटावर ठेवा, हातपाय धुवा आणि अर्धा तास जमिनीवर बसा. काही शिकवू नका. ते काय म्हणतंय, तेवढं ऐका. आणि ओ द्या.